जिवनबाईचं तारण

जिवनबाईचा आवाज कालव्याच्या पल्याड जायचा. कोंडवाड्याच्या फाटकात उभी राहून तिनं "कोणाची गाय हाय गंऽऽ" अशी हाळी दिली की सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाणी धरणारा गडी फावडं थांबवायचा आणि आपली जनावरं जागेवर आहेत का ते पाहायचा. अंगानं बाई म्हणजे कापसाची वाळकी पळाटी. पण उधळलेला गोऱ्हा तिच्यासमोर आला की मान खाली घालायचा. दांडकं तिनं कधी हातात धरलं नाही. तिचं बोलणंच दांडक्यापेक्षा जड होतं.

धरणाचा कालवा आला तसा या भागात उन्हाळ्यातही भुईमूग हिरवागार राहायला लागला, आणि मोकाट जनावरांची चंगळ झाली. दुसऱ्याच्या पिकात घुसलेलं जनावर हाकलत कोंडवाड्यात आणायचं, मालकानं दंड भरून सोडवून न्यायचं, ही ग्रामपंचायतीची रीत. दगडी भिंत, मधी एक लिंबाचं झाड, पाण्याचा हौद आणि फाटकाला हे एवढं कुलूप. राखणीला आधी जिवनबाईचा नवरा नेमसिंग होता. कडब्याची गंजी काढताना त्याला पान लागलं, साप चावला. दवाखाना गाठेपर्यंत माणूस निळा पडला. तांड्याच्या बायांनी जिवनबाईच्या अंगावरची चांदी उतरवली, ती तिनं उतरवू दिली. पण नवऱ्याच्या करगोट्याची किल्ली तिनं आपल्या फेटियाच्या, म्हणजे घागऱ्याच्या, नाडीला बांधली.

"हे काय करून राहिली गं?" एका म्हातारीनं विचारलं.

"हा डागिना न्हाई, काकी. हे काम हाय."

आता राखण मी करणार असं ती चावडीवर म्हणाली, तर सरपंच हसला. "जिवनबाई, कोंडवाडा हाय तो. कोंबड्याचं खुराडं न्हाई."

"तुमची म्हैस दर पंधरवड्याला माझ्याकडंच मुक्कामाला असती मालक. तिला इचारा, सोय बराबर हाय का न्हाई."

चावडीवरचे लोक पोट धरून हसले. किल्ली जिवनबाईकडंच राहिली.

तिच्या कोंडवाड्याची रीत कडक. गडी पाठवून भागायचं नाही, मालकानं स्वतः यायचं. आत जायचं, जनावराच्या पाठीवर हात ठेवायचा आणि चार लोकांत म्हणायचं, "हे माझं हाय." मोठमोठे बागायतदार तिथं येऊन अवघडायचे. शेजाऱ्याच्या पिकाचा सत्यानाश करून आलेल्या जनावराला सगळ्यांदेखत माझं म्हणणं सोपं नसतं. पण त्याशिवाय कुलूप निघायचं नाही. राखणदाराच्या हाती कोंडणं. सोडवणं मालकाच्या हाती. आणि एखाद्याकडं दंडाला पैसा नसला तर त्यानं तारण ठेवायचं. भिंतीला खुंट्या होत्या, त्यांच्यावर कुऱ्हाडी, पितळी तांब्या, एक ट्रान्झिस्टर, कोणाच्या तरी लग्नातल्या कोऱ्या वहाणा असं सगळं लटकलेलं असायचं. "तारण ठिवा अन् घेऊन जा," ती म्हणायची. "तुमच्या अडचणीत मुकं जनावर उपाशी काहून मारायचं?"

नेमसिंग गेल्यावर वर्षभरात सुदामराव आले. हे हिंगोलीकडचे ख्रिस्ती प्रचारक, पांढरा सदरा, खाली फटफट करणारी लुना. दुःखात असलेल्या बाईला लोक शहाणपण सांगतात, यांनी ते केलं नाही. बाही वर केली आणि तिच्यासंगं कडबा टाकला. तिसऱ्या खेपेला चहा पिता पिता म्हणाले, "जिवनबाई, प्रभू येशूनं तुझं तारण केलं आहे."

"माझं? कोणाकडं ठिवलं?"

"ठेवलं नाही गं. तारण म्हणजे सुटका. उद्धार."

"सुटका जनावराची व्हती सुदामराव. तारण तर खुंटीवर ऱ्हातं." तिनं हातानं भिंतीकडं दाखवलं. "मंग माझी सुटका झाली म्हणता, तर खुंटीवर कोन ऱ्हायलं?"

सुदामरावांनी खुंट्यांकडं पाहिलं. "येशू," ते म्हणाले. "क्रुसाच्या खांबावर."

"मंग मी तेच सांगून ऱ्हायले. तुमी काहून गुंता करता?"

सुदामरावांना हसता हसता ठसका लागला. पुढं कितीतरी रविवार त्यांनी तिला दोन तारणांतला फरक समजावून पाहिला. ती मान डोलवायची आणि आपलंच धरून बसायची. कोणीतरी आपल्यासाठी स्वतःला तारण ठेवलं, एवढी गोष्ट तिला पटली. पटली म्हणजे मग बाई मागं हटणारी नव्हती. धरणाच्या पाण्यात बाप्तिस्मा झाला. तिच्यामागं तांड्यातली अजून चार-पाच घरं आली. तांड्यानं आधी तोंड वाकडं केलं, मग हळूहळू सरळ केलं, कारण लग्नाला, मयताला आणि कोंडवाड्याला जिवनबाईशिवाय कोणाचं चालत नव्हतं.

रविवारची प्रार्थना कोंडवाड्यातल्या लिंबाखालीच. गाई-म्हशी रवंथ करत बसायच्या आणि सुदामराव सांगायचे. एकदा त्यांनी हरवलेल्या मेंढराची गोष्ट सांगितली. बाकीचा कळप रानात सोडून धनी त्या एकट्याला हुडकत गेला.

"त्यानं पयले कोंडवाड्यात बघायचं ना," जिवनबाई म्हणाली. सगळे हसले. ती हसली नाही. "पण सुदामराव, तो सोता गेला? गडी न्हाई धाडला?"

"स्वतः गेला. सापडल्यावर खांद्यावर घेऊन आला. मारलं नाही, रागावला नाही. देव तसा आहे जिवनबाई. वाट चुकलेल्याला तो टाकून देत नाही."

"मंग तो मालक खरा," ती म्हणाली. तिच्या तोंडी याच्यावर मोठं प्रमाणपत्र नव्हतं.

आता हिरासिंगचं सांगायला पाहिजे. हिरासिंग तिचा दीर, नेमसिंगचा धाकटा भाऊ. ती लग्न होऊन तांड्यावर आली तेव्हा तो अंगणात नागडा रांगत होता आणि त्याची आई मरून महिना झाला होता. जिवनबाईनंच त्याचं हगणं-मुतणं काढलं. चारचौघांत तो तिला भाभी म्हणायचा. ताप चढला की मात्र 'याडी, याडी' करायचा. याडी म्हणजे आमच्या तांड्याच्या बोलीत आई. पोरगं मोठं झालं, डफ असा वाजवायचं की प्रार्थनेला बाहेरचे लोक भिंतीवर येऊन बसायचे. धरणाच्या पाण्यात भाभीच्या मागोमाग तोही उतरला होता.

मग तो कनेरगाव नाक्यावर एका ढाब्यावर कामाला लागला. वाशीमच्या रस्त्यानं रात्रंदिवस ट्रका. तिथं त्याला पत्ते लागले, दारू लागली. घरी यायचा तेव्हा डोळे तांबडे आणि बोलणं गोड. जिवनबाईला बोलणं ऐकू यायचं, डोळे तिनं पाहिले नाहीत.

शहाण्णव सालचा उन्हाळा होता. माहेरी मयत झालं म्हणून जिवनबाई दोन दिवस गेली. किल्ली हिरासिंगकडं दिली. कोंडवाड्यात किशनरावांची तांबडी गाय होती, गाभण. किशनराव म्हणजे कालव्याकाठचा बागायतदार, तोंडानं फटकळ, व्यवहाराला चोख. हिरासिंगनं कुलूप काढलं, गाय कळमनुरीच्या बाजारात नेली, विकली, आणि तसाच गेला. किल्ली कुलपातच लटकत ठेवून.

जिवनबाई परत आली त्याच सकाळी किशनराव गाय सोडवायला आले. रीतीप्रमाणं आत गेले. पाठीवर ठेवायला हात उचलला, तर हाताखाली पाठच नाही.

चावडी भरली. "राखणदारीणच चोर निघाली," कोणीतरी म्हणालं. जिवनबाईनं कुलपातून काढून आणलेली किल्ली सरपंचासमोर ठेवली. मग घरी गेली, आपली दुभती गाय वासरासकट सोडून आणली आणि किशनरावांच्या दावणीला बांधली. गाईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "ही आता तुमची."

हापशावर बायांनी तोंडसुख घेतलं. "काय गं जिवनबाई, येशूनं नेली का गाय?"

"येशूनं न्हाई. माझ्या पोरानं नेली. नाव घ्यायचं तर बराबर घ्या."

ती मोलमजुरी करायला लागली. रविवारची प्रार्थना तिच्या अंगणात आली. आणि दर रविवारी प्रार्थनेत ती पहिलं नाव हिरासिंगचं घ्यायची. पावसाच्या आधी, आजाऱ्यांच्या आधी. तिच्याच जोडीनं विश्वासात आलेली रुख्मिणीबाई एकदा चिडली. "त्या चोरट्याचं नाव देवासमोर काहून घेती गं?"

"देवासमोर न्हाई घेऊ, तर कोणासमोर घेऊ? फौजदारासमोर?"

कोंडवाड्याला नवा माणूस नेमला. त्यानं जनावरं तहानेनं वाळवली, एक वासरू मेलं. लोक दंड भरायचे सोडून भांडायला यायला लागले. शेवटी सरपंच किल्ली घेऊन तांड्यावर आला. जिवनबाई भाकरी थापत होती. तव्यावरची उलथली, पुढची थापली, मग बोलली. "घेताना चावडीवर घेतली, अन् देताना चुलीजवळ देऊन ऱ्हायले व्हय? चावडीवर द्या."

चावडीवरच द्यावी लागली. त्या दिवशी जिवनबाई नवा फेटिया नेसून गेली होती. किल्ली नाडीला बांधून गावातून अशी चालत आली की जुन्या बाया म्हणाल्या, लग्नातसुद्धा ही एवढी तोऱ्यात नव्हती.

नंतर बरीच वर्षं गेली. हिंगोली परभणीतून फुटून जिल्हा झाला. लुना जाऊन सुदामरावांकडं स्कूटर आली. हिरासिंगचा पत्ता नव्हता. कोणी म्हणे नांदेडकडं दिसला, कोणी म्हणे मेला. जिवनबाई म्हणायची, "मेल्याचं नाव मी आजाऱ्यांच्या आधी घेत न्हाई."

मग असाच भुईमुगाचा उन्हाळा. दुपारच्या वक्ताला कोंडवाड्याकडं गलका येऊन राहिला. पुढं किशनराव, मागं त्यांचे गडी, मधी दोरी लावलेला एक माणूस. दाढी वाढलेली, एक पाय सुजून हत्तीसारखा. किशनरावांच्या वावरात भुईमुगाची झाडं उपटून मातीसकट शेंगा खाताना गड्यांनी त्याला धरला होता. आधी दोन दिल्या, मग तोंड ओळखलं.

त्यांनी त्याला कोंडवाड्यात ढकललं. "घे जिवनबाई," किशनराव म्हणाले. "पिकात घुसलं व्हतं. कोंड. अन् आता बघू दे, कोन मालक येतो ह्याला सोडवायला!"

गडी हसले. भिंतीवर माणसं चढली.

जिवनबाईनं आत पाहिलं. हिरासिंगनं वर पाहिलं नाही. तिनं फाटक ओढलं, कुलूप लावलं. कुलपाचा आवाज झाला तसं भिंतीवरचं हसणं कमी झालं. हिरासिंग सरपटत हौदाकडं गेला आणि म्हशीशेजारी तोंड लावून पाणी प्यायला लागला.

"तोंड धू पयले," ती फाटकातून ओरडली. "म्हशीचं पाणी नासवून ऱ्हायला."

आवाज तोच. कालव्यापल्याड जाणारा.

"मी फौजदाराला निरोप धाडतो," किशनराव म्हणाले. "तवर तू सोडू नको."

"मी सोडतच नसते. राखणदाराला सोडता येत न्हाई."

ती फाटकाजवळच्या दगडावर बसली. हात नाडीच्या किल्लीवर. ही किल्ली एकदा गेली होती, आणि ती परत मिळवताना तिनं सगळ्या गावाला चावडीवर उभं केलं होतं. आज राखणदारीण म्हणून कुलूप काढलं, तर तेच लोक तेच बोलतील आणि बरोबर बोलतील. नाही काढलं, तर संध्याकाळपर्यंत जीप येईल. रीत तिचीच होती. मालक स्वतः आला पाहिजे. आणि ह्याचा मालक कोण? आई मेली, बाप मेला, भाऊ मेला. फाटकासमोरची वाट उन्हात पांढरी पडली होती. त्या वाटेनं कोणी येणार नव्हतं. तिला सुदामरावांचा तो धनी आठवला. त्यानं गडी धाडला नव्हता.

ती उठली. नाडीची गाठ सोडली आणि किल्ली किशनरावांच्या हातात ठेवली.

"हे काय?"

"राखणदार बदला. मी आता राखणदारीण न्हाई."

"मंग कोन हाईस?"

"मालकीण. उघडा फाटक."

किशनरावांनी तळहातावरच्या किल्लीकडं पाहिलं. कोंडवाड्याची रीत त्यांना पाठ होती, आयुष्यभर त्यांनीच ती भोगली होती. मालक आला म्हटल्यावर फाटक अडवता येत नाही. त्यांनी किल्ली घातली, पण ती फिरेना.

"वर उचलून फिरवा," जिवनबाई म्हणाली. "जुनं कुलूप हाय, जोर करू नका."

फाटक उघडलं. ती आत गेली. हिरासिंग भिंतीला चिकटला, मार चुकवायला दोन्ही हात डोक्यावर घेतले. तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. पाठीच्या हाडांवर सदरा उरलाच नव्हता.

"हे माझं हाय," ती म्हणाली. भिंतीवरच्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं, आणि तिला तेच पाहिजे होतं.

किशनरावांना राग आला होता की काय झालं होतं, त्यांनाच सांगता आलं नसतं. "अन् दंड?"

"तुमच्या हातात हाय की तारण. हा पुन्यांदा वाट सोडून गेला, तर ती किल्ली माझी न्हाई."

"अगं, ह्यानं तुझं नाव मातीत घातलं!"

"मातीत गेलेलं धुता येतं किशनराव. टाकून दिलेलं कुठून आणू?"

"भाभी, मी..." हिरासिंगच्या तोंडून निघालं.

"चाल. भाकर खाय. बोलायचं मंग."

त्या दिवशी तिनं कोंबडा कापला. वास तांडाभर गेला. रुख्मिणीबाई दारात येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "माझे पाव्हणे आले तवा तुझ्या कोंबड्यांनी कधी अंडं दिलं न्हाई."

"तुझे पाव्हणे हरवले कधी व्हते? ये, बस. रस्सा लई झाला."

रुख्मिणीबाई कुरकुरत आली. दोन वाट्या रस्सा प्यायली.

फौजदाराला निरोप गेलाच नाही. किशनरावांच्या हातात किल्ली राहिली आणि त्याबरोबर कोंडवाडाही. संध्याकाळी म्हशी हंबरायला लागल्या तसं त्यांच्या लक्षात आलं की आता पाणी-चारा त्यांनाच बघायचा आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी तांड्यावर निरोप धाडला, तुझं ते जनावर कामाला पाठव. पायाची सूज उतरली तसा हिरासिंग रोज जायला लागला. किशनराव कुलूप काढायचे, हा शेण काढायचा. दोघं एकमेकांशी बोलत नसत. बोलायची ती लिंबाखाली बसलेली जिवनबाई.

हिरासिंग सुधारला, असं इथंच सांगून टाकलं तर ऐकायला बरं वाटेल, पण ते खोटं होईल. पोळा झाला आणि तो पुन्हा गेला. तिसऱ्या दिवशी गावात बोललं गेलं, तारण बुडालं. जिवनबाईनं कोणाला काही विचारलं नाही. एस.टी.नं हिंगोली, तिथून कनेरगाव नाका. ढाबे पालथे घातले. एका ढाब्याच्या मागं बाजेवर ड्रायव्हरांच्या घोळक्यात हा पडलेला, हातात पत्ते.

"क्या चाहिये, अम्मा?" एक ड्रायव्हर म्हणाला.

जिवनबाई पुढं झाली आणि हिरासिंगच्या पाठीवर हात ठेवला. "हे माझं हाय."

ड्रायव्हर हसायला लागले. मग त्यातल्याच एकानं हिरासिंगच्या हातातले पत्ते काढून घेतले आणि बाजेवरून उठून बाईला जागा दिली.

परत येताना एस.टी.त हिरासिंग खिडकीला डोकं लावून म्हणाला, "याडी, तुझी किल्ली गेली."

"गेली तर गेली. पाय आत घे, माणसं चढून ऱ्हायली."

रविवारी रुख्मिणीबाईनं सुदामरावांना सरळच विचारलं, "असं किती येळा माफ करायचं माणसानं?" सुदामरावांनी येशूनं सांगितलेला आकडा सांगितला. साताच्या सत्तरपट. रुख्मिणीबाई बोटांवर मोजायला लागली.

"मला एवढं मोजता येत न्हाई," जिवनबाई म्हणाली. "अन् देवालाही मोजायचं नसंल, म्हणूनच एवढा आकडा सांगितला."

हिरासिंग अजून एकदा गेला. जिवनबाईला पुन्हा एस.टी. धरावी लागली. त्याच्यानंतर गेला नाही. काहून गेला नाही, त्याचं कारण त्यानं कधी सांगितलं नाही. पुढच्या नाताळला त्यानं लिंबाखाली डफ वाजवला आणि भिंतीवर पुन्हा माणसं चढली. त्यात किशनराव होते. वाजवणं संपल्यावर ते खाली उतरले आणि जिवनबाईसमोर किल्ली धरली.

"घे बाई. लई दिवस सांभाळली."

"ते बुडालेलं तारण हाय. बुडालेलं आमी परत घेत न्हाई."

"अगं, मी देऊन ऱ्हायलो ना!"

"तुमी द्या. मी घेणार न्हाई. सौदा सगळ्यांदेखत झाला व्हता."

किशनराव तणतणले. मग त्यांनी भिंतीवरची एक रिकामी खुंटी पाहिली आणि किल्ली तिथं अडकवली. ती पुढं तिथंच राहिली. फाटकाला कुलपाऐवजी दोरीची गाठ आली, आणि जनावरं काही गाठ सोडून पळाली नाहीत. राखण हिरासिंग करायचा. मालकानं यायचं, पाठीवर हात ठेवायचा, माझं म्हणायचं, रीत तीच. आणि पंचक्रोशीत नाव एकच, जिवनबाईचा कोंडवाडा. कमरेला किल्ली नसलेली ती बाई लिंबाखाली बसलेली असली की सरपंचही वाकून रामराम घालायचा.

एकदा नवा ग्रामसेवक आला, शहरातला, इस्त्रीच्या कपड्यांचा. फाटकात हिरासिंगला गाठलं. हिरासिंगच्या मिशा तोवर पांढऱ्या झाल्या होत्या.

"नाव?"

"हिरासिंग."

"कोणाचा?"

आमच्याकडं हा प्रश्न बापाच्या नावासाठी असतो.

"जिवन याडीचा," हिरासिंग म्हणाला.

"अहो, बापाचं नाव विचारतोय."

"तुमी कोणाचा म्हणून इचारलं साहेब. ज्याचा हाय त्याचं नाव सांगितलं."

"नेमसिंगचा भाऊ हाय म्हणून सांग त्याला," लिंबाखालून जिवनबाई ओरडली. "काहून साहेबाला तकलीफ देऊन ऱ्हायला?" ओरडली खरी, पण पाठ अशी ताठ केली की जणू नाडीला किल्ली आत्ता बांधली.

तेवढ्यात कालव्याकडून गडी एक बांडी कालवड हाकलत आले. हिरासिंगनं दोरी सोडली, कालवडीला आत घेतलं, आधी हौदावर नेलं. आणि जिवनबाई उठून फाटकात उभी राहिली.

"कोणाची कालवड हाय गंऽऽ! सोता या!"